मातृभाषेचा रकाना

नव्वदच्या दशकात कोल्हारजवळच्या एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा होती. माझी पहिली नोकरी तिथली. जूनमध्ये दाखल रजिस्टर भरायचं, त्यात मातृभाषेचा एक रकाना असे. पहिल्या ओळीत ‘मराठी’ लिहायचं आणि खाली पानभर डिट्टो मारत जायचं, ही शाळेची जुनी रीत. मीही मारले. मुलांना विचारायचं सुचलंच नाही.

त्याच पानावर एका सालगड्याची मुलगी होती. घर पाथर्डीकडच्या बंजारा तांड्यावरून आलेलं. सहामाही आली तरी ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, हिचं डोकं चालत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीतच बसवा. बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, नापास झाली तर शेळ्यांमागं धाडीन.

मी तिच्या आईला बोलावून विचारलं, घरी काय बोलता?

“मराठीच की, बाई,” ती घाईनं म्हणाली.

दुसरं काही सांगितलं तर पोरीला शाळेतून काढतील, ही तिची भीती मला फार उशिरा कळली.

मग मी पोरीलाच धरलं. कमरेवर हात ठेवले, डोळे वटारले आणि विचारलं, “आई रागावते तेव्हा काय म्हणते गं?”

ती आधी हसली. मग तिनंही कमरेवर हात ठेवले आणि गोरमाटीत, तांड्यावरच्या बोलीत, असा तोंडाचा पट्टा सोडला की अख्खा वर्ग वळून बघायला लागला. मला त्यातला ‘याडी’, म्हणजे आई, एवढा एकच शब्द कळला. मी चिंचोके पुढं केले. तिनं तिच्या भाषेत वीसपर्यंत मोजले, वजाबाकीही बिनचूक केली.

“आता शिव्या ऐकून मातृभाषा लिहिणार का, बाई?” मुख्याध्यापक म्हणाले.

“लिहिणार. खाडाखोडीवर तुमची सही लागेल.”

कुरकुरत केली त्यांनी. वार्षिकची तोंडी परीक्षाही स्वतः घेतली. पोरीनं चिंचोके गोरमाटीत मोजले आणि उत्तर मराठीत दिलं.

निकालाच्या दिवशी आई दारातच थांबली. “त्या कागदावर आमची बोली लिवलीय म्हनं. काढनार न्हाई ना हिला?”

“दुसरीत घातलीय,” मी म्हटलं.

ती पोरीकडं वळून गोरमाटीत भराभर काही बोलली. कमरेवर हात नव्हते, म्हणजे रागावत नव्हती.

पुढच्या जूनमध्ये तो एक रकाना भरायला मला चार दिवस लागले. सगळी पहिली कमरेवर हात ठेवून आयांसारखी ओरडत होती.