दोन घरांपुढचा कोंडा

मत्सर हा शब्द जरा सोवळ्यातला आहे. मला जे होत होतं त्याला आमच्याकडे पोटात दुखणं म्हणतात, आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत सहा आठवडे माझ्या पोटात दुखत होतं. कारण एक मशीन, आणि ते चालवायला आलेला माणूस.

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नेवाश्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजरीच्या संशोधनाचं एक शेत होतं, तिथं मी नोकरीला होते. बाजरीची आठ वाणं छोट्या छोट्या वाफ्यांत चार-चार वेळा पेरायची, प्रत्येक वाफ्याचं धान्य वेगळं तोलायचं, आणि मग प्रश्न यायचा: एक वाण दुसऱ्यापेक्षा जास्त पिकलं ते खरंच, की त्या वाफ्याची माती बरी होती म्हणून? हे गणितानं ठरवायचं. ते गणित करणारी मी. मॅट्रिकला गणितात पहिली आलेली बाई, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे.

माझं हातमशीन शिवणयंत्राएवढं जड होतं. उजवीकडे दांडा. पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. गुणाकार म्हणजे पुढे-पुढे, भागाकार म्हणजे मागे-मागे, घंटी वाजेपर्यंत. आठ वर्षं फिरवून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता, आणि ब्लाउज शिवणारी बाई दर वेळी त्यावर काहीतरी बोलायची.

आमच्याकडची रीत एका छापील कागदामुळे पडली होती. निकाल भरायच्या त्या कागदावर दशांश टिंबापुढे दोनच घरं छापलेली. त्यामुळे प्रत्येक पायरीला उत्तर आलं की दोन घरांत बसवायचं, तिसऱ्या घरात पाच किंवा जास्त असलं तर दुसऱ्यात एक वाढवायचा, पुढचं सोडून द्यायचं आणि मगच पुढच्या पायरीला हात घालायचा. नव्या माणसाला शिकवताना मी सांगायची, "दोन घरांपुढं येतं ते धान्य नाही, कोंडा आहे. पाखडून टाका." हे वाक्य माझं होतं आणि शेतावर सगळे ते म्हणत.

आमच्या साहेबांची आणखी एक शिस्त होती. वहीच्या पहिल्या पानावर एक कसोटीचं गणित. मुद्दाम सोपे आकडे घेतलेलं. नवा माणूस आला, किंवा माझं मशीन नगरहून दुरुस्त होऊन आलं, की आधी ते गणित करायचं. उत्तर ४.२१ आलं तरच पुढच्या कामाला हात लावायचा. ते ४.२१ आठ वर्षांपूर्वी माझ्या हातानं काढलेलं, माझ्याच अक्षरात. ते कधी चुकलं नव्हतं. चुकणार कसं? जे जे तपासून गेले त्या सगळ्यांना मीच शिकवलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून विजेवरचं मशीन आलं. दसऱ्यापर्यंत वापरून बघा, जमलं तर ठेवा, नाहीतर परत करा, असं ठरलेलं. सोबत त्याच्यावर काम करायला एक माणूस, तोही दसऱ्यापर्यंतच. तिसगावकडचा. पंचविशीतला, पण अंगानं असा की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. बी.एस्सी. झालेला. आई-बाप दर वर्षी ऊसतोडीला जाणारे, हा वसतिगृहात राहून शिकलेला. माझ्या माहेरी प्रवरेकाठी बारमाही पाणी, आणि तरी मी त्याच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको.

त्याला खिडकीजवळची जागा मिळाली, कारण विजेचं बटण तिथंच होतं. आठ वर्षं ती जागा माझी होती. मशीनवर काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे उमटत. ते बघायला आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं येत. घोडेगावच्या बाजाराला बैल घेऊन निघालेली माणसंसुद्धा बैल बाहेर बांधून खिडकीत डोकावत. आमचे हे दूधसंघात होते. तेही एकदा येऊन बघून गेले आणि रात्री जेवताना म्हणाले, "काय गं ते आकडे! पणत्या लावल्यागत." त्यांच्या ताटात मी दुसरी भाकरी वाढायची विसरले.

आणि वेग. ज्याला मला पाऊण दिवस लागे ते त्यानं चार मिनिटांत केलं. दांडा नाही, घंटी नाही, घाम नाही. आयत्या बिळावर नागोबा, मी शिपायाला म्हटलं. शिपाई हसला नाही. तोही आकडेच बघत होता.

पण कसोटीचं गणित जुळेना.

त्यानं पहिल्या दिवशी केलं तेव्हा नळ्यांत आलं ४.१९७९६३८. साहेबांनी वही बघितली, मशीन बघितलं आणि म्हणाले, "दोन घरांत बसवलं तरी ४.२० होतंय. आपलं ४.२१ आहे. पुन्हा करा." त्यानं पुन्हा केलं. तेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. साहेब वाईट माणूस नव्हते, पण हट्टी होते. "इथंच जुळत नाही, तर न तपासलेल्या गणितात काय करत असेल?" त्यांचं म्हणणं असं की ४.२१ येईपर्यंत मशीनवरचं एकही उत्तर कागदावर चढायचं नाही. मला त्या दिवशी चहा गोड लागला.

मग जो तो कारणं सांगू लागला. वीज कमी-जास्त होते. धूळ गेली असेल. पुण्याहून कंपनीचा मेकॅनिक आला, त्यानं मशीन उघडलं, फुंकर मारली, बंद केलं. तरी ४.१९७९६३८. "आमच्या दांड्याला वीज लागत नाही बाई," असं मी कोणी विचारलं नसताना म्हणायची.

चौथ्या दिवशी दुपारी तो विहिरीवर हात धुवायला गेला होता. त्याच्या टेबलावर कागद होता. मी उचलून बघितला. प्रत्येक पायरीला मशीननं काय दाखवलं ते त्यानं सगळंच्या सगळं उतरवून ठेवलं होतं. १२.३७ भागिले ७, म्हणजे १.७६७१४२८. ८.८४ भागिले २१, म्हणजे ०.४२०९५२३. मग पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं.

मला एका नजरेत कळलं. माझ्या गणितात तिथं १.७७ आणि ०.४२ होतं. मी वाटेत कोंडा पाखडला होता आणि मशीननं तो शेवटपर्यंत पोटात धरून ठेवला होता. आकडे तेच, रीत तीच. फरक पडला तो एवढ्यानंच. आणि त्यात खरं उत्तर मशीनचं होतं.

मी कागद ठेवला, डबा उघडला आणि चवळीची उसळ खाल्ली. चवीनं खाल्ली, खोटं कशाला बोलू?

एक वाक्य बोलले असते तर त्याचं काम झालं असतं. रोज सकाळी वाटायचं, आज बोलू. मग तो खिडकीजवळ बसलेला दिसायचा आणि जीभ आत वळायची. मनाची समजूत घालायला कारणंही होती. त्याला बी.एस्सी. कशाला केलं मग? शोधू दे की त्याचं त्यानं.

दसऱ्याला बारा-पंधरा दिवस असताना त्याचा बाप आला. डोक्याला पटका, हातात काठी, लिंबाखाली बसून होता. मी पाणी दिलं. म्हातारा म्हणाला, "बाई, पोराचं काम टिकंल का हितं? दसऱ्याला मुकादम यील. औंदा कोयत्याला येतो का न्हाई, त्ये सांगावं लागतं. ह्याच्या आईला आता मोळी उचलवत न्हाई. पोरगं ऱ्हायलं हितं, तर आमी न्हाई जानार."

"मशीनवर आहे सगळं," मी म्हटलं.

"तुमी मोठ्या हाय हितं. तुमाला समदं म्हाईत."

मी फुलपात्र विसळायच्या निमित्तानं आत गेले. त्या रात्री झोप लागली नाही. पण दुसऱ्या दिवशीही मी बोलले नाही.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार. साहेबांनी दोघांना बोलावलं. आज जुळलं तर ठीक, नाहीतर सोमवारी मशीन खोक्यात आणि माणूस घरी. त्यानं एक कागद मागितला. कसोटीच्या वेळी एरवी साहेब कागद घेऊ देत नसत, मशीननं थेट उत्तर दिलं पाहिजे म्हणत. त्या दिवशी म्हणाले, घ्या.

त्यानं पहिला भागाकार केला आणि थांबला. कागदावर १.७७ लिहिलं. नळ्या विझवल्या. दुसरा भागाकार, पुन्हा थांबला, ०.४२ लिहिलं. मग ते दोन आकडे नव्यानं दाबले आणि बाजूला सरकला. उत्तर आलं तसं त्यानं दोन घरांत वाचलं.

४.२१.

साहेब खूश. "मग इतके दिवस काय होत होतं?"

"माझीच चूक, साहेब. आकडे नीट टाकत नव्हतो."

मी त्या कागदाकडे बघत होते. तो नेमका तिथंच थांबला होता जिथं मी आठ वर्षांपूर्वी थांबले होते.

बाहेर माठापाशी मी त्याला गाठलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच आठवड्यात, बाई."

"मग सांगितलं का नाही साहेबांना?"

"वहीत तुमचं अक्षर हाय. समदे आठ वर्सं त्यावरच तपासत्यात. मी कालचा आलेला, मी कसं म्हनू?" त्यानं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "आन् मला वाटलं तुमीच सांगाल. तो कागद मी पालथा घालून गेल्तो. आलो तवा सुलटा हुता."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मला भांडण येतं. पण तो नुसताच उभा राहिला, अदबीनं, सदरा खुंटीवरचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याच्याजवळ मशीन, याच्याजवळ वेग, खिडकी, आणि वर हा मोठेपणाही याच्याजवळच? आयुष्यभर मला बघितलं की याला आठवणार, बाईंना मी झाकलं होतं.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. लोक पुढं म्हणाले, बाई केवढ्या सरळ. सरळ कसली. त्याचं उपकाराचं ओझं एक दिवससुद्धा अंगावर नको होतं, म्हणून गेले.

"वहीतलं उत्तर कच्चं आहे, साहेब. मशीननं पहिल्या दिवशी दिलं ते खरं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि तुम्हाला हे आज कळलं?"

"चौथ्या दिवशी."

त्यांनी वहीचं पहिलं पान काढलं. मग म्हणाले, "दांड्यावर करून दाखवा. न पाखडता."

केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर बसले ती दिवेलागणीला उठले. पहिल्या बेरजेपासून सगळं, एकेक भागाकार सहा-सहा घरांपर्यंत, घंटी, पुन्हा मागे, पुन्हा घंटी. दोनदा हात सटकला आणि पहिल्यापासून करावं लागलं. शेवटी आलं ४.१९७९६. साहेबांनी पहिल्या पानावरच्या माझ्या ४.२१ वर आडवी रेघ मारली आणि खाली त्याला नवं उत्तर लिहायला लावलं. तपासणाऱ्याची सही माझी घेतली. ज्यांचा निकाल अगदी काठावर लागला होता ती जुनी गणितं पुन्हा करायची ठरली, तीही त्याच्याच मशीनवर. छापील कागद पुढच्या वर्षी बदलले, त्यांवर टिंबापुढे चार घरं आली.

मशीन राहिलं. तो राहिला. मुकादमाला त्याच्या आई-बापानं नाही म्हणून सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा आला. काखेत ओल्या भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं. माझ्यापुढं ठेवलं आणि पटका सारखा करत म्हणाला, "बाई, पोरगं म्हनलं, बाईंनी साहेबाकडं जाऊन सांगितलं म्हून माझी जागा ऱ्हायली. आमच्या मळीच्या शेंगा हायेत. गोड लई."

पोरानं बापाला खोटं काही सांगितलं नव्हतं. मी साहेबांकडे गेलेच होते. खिडकीजवळ तो मान खाली घालून आकडे दाबत होता.

शेंगा मी घरी नेल्या. चार दिवस तशाच कोपऱ्यात पडून होत्या. शेवटी आमच्या यांनी भाजून खाल्ल्या, आणि मला विचारलं, तू का नाही घेत?