कारळ्याच्या चटणीचा डबा

तारनाक्याच्या आमच्या घरात ताप आणि मोडलेलं हाड, एवढेच आजार मानले जात. शेंगदाणा पोटात गेला की माझा घसा सुजून श्वास अडायचा, तो म्हणजे नखरा. "दाण्यानं कुठं कोण मरतंय?" असं आत्या म्हणायची, आणि जिथं आमटीलासुद्धा कूट लागतं त्या घरात तिचंच खरं व्हायचं.

देशाची दारं नुकती उघडली होती आणि संगणकवाल्यांना धडाधड परदेशी पाठवत होते. माझ्या कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं. आत्याला काळजी माझ्या बाटण्याची. "तिथं काय काय घालतात कुणाला ठाऊक," म्हणत तिनं डबे भरले. त्यात कारळ्याची चटणी. मी तीनदा विचारलं, दाणे नाहीत ना?

"नक्को म्हणलीस ना, मग दाणे कायकू घालीन?"

तिथल्या एका सहकाऱ्यानं मला कार्डावर जर्मनमध्ये लिहून दिलं: या बाईंना शेंगदाणा चालत नाही, श्वास बंद पडतो. हॉटेलात ते दाखवलं की वाढपी कार्ड घेऊन आत जायचा. कधी खुद्द आचारी बाहेर येऊन हे खा, ते नको, असं समजावायचा. कुणी हसलं नाही. सवय नसल्यामुळे पहिल्यांदा मला रडूच आलं. आत्याच्या मते माणसाला काहीही खाऊ घालतात तो मुलूख हाच.

मग एका रविवारी खोलीवर भात केला आणि निर्धास्तपणे आत्याची चटणी वाढून घेतली. चार घासांत ओठ सुजले, घसा आवळत गेला. घरमालकिणीनं ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून वाचले. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर काय खाल्लंत? घरचंच खाल्लं, हे सांगायची मला लाज वाटली.

घरी फोनवर फक्त आजारी पडल्याचं कळवलं होतं. परतले तोवर आत्यानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, पोरीला परदेशातलं अन्न बाधलं. मी चटणीचं विचारलं.

"नुस्तं कारळं कडू लागतंय ग. मूठभर कूट घातलं. काळ्यात दिसतंय कुठं?"

दिसत नव्हतं, हे मात्र खरं. मला इतका संताप आला की दोन दिवस मी माझा स्वयंपाक वेगळा केला.

तिसऱ्या दिवशी कार्डावरचा मजकूर मराठीत, ठसठशीत अक्षरांत लिहून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला. आत्यानं चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला आणि मान डोलावली.

"दाणे बंद. समजलं," ती म्हणाली. "कूट तर चालतंय ना?"