माझा पाय थरथरत नाही

"ताई, पाय थोडा थरथरू द्या ना."

दिग्दर्शकाने हे इतक्या लाडीगोडीने सांगितलं की मला आधी वाटलं, चहाचं विचारतोय. मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्याच आयुष्यावरच्या सिनेमात, माझ्याच पायाने, मी चित्र बिघडवून काढावं असं त्याचं म्हणणं होतं.

आधी माझं सांगते. माझे दोन्ही हात जन्मापासून कोपरात दुमडून छातीशी चिकटलेले आहेत. पाठीला बाक आहे, डावा पाय काठीसारखा ताठ. चालता येत नाही. राहिला उजवा पाय. त्याच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पेन्सिल धरून मी गेली वीस वर्षं पैठणीची नक्षी काढते. बारीक चौकटींचा कागद असतो, त्याला येवल्यात ग्राफच म्हणतात. त्यावर मोर, पोपट, वेली, एकेक चौकट भरून उतरवायच्या. तो कागद येवल्यातला विणकर मागासमोर टांगतो आणि चौकटी मोजून मोजून तारा उचलतो. मी इथे नाशिकला, सिडकोत भावाच्या घरी सतरंजीवर बसून जी चौकट भरते, तीच तिकडे रेशमात उतरते. एक चौकट इकडची तिकडे झाली की मोराची मान मोडते, आणि महिनोन्‌महिने खपून विणलेला पदर वाया जातो.

दिग्दर्शक वाईट नव्हता. पुण्याचा हुशार पोरगा. चार महिने माझ्यासमोर मांडी घालून बसला, वहिनीच्या हातचं पिठलं ओरपत माझ्याकडून सगळी गोष्ट काढून घेतली. मीही हुरळले. सिनेमा म्हटल्यावर कोण हुरळत नाही हो? करारावर पायाने झोकात सही ठोकली. लोक हात दाखवून अवलक्षण करतात, मी पाय दाखवून केलं.

माझं काम करणारी नटी गोड होती. तीन आठवडे घरी येऊन पायात पेन्सिल धरायला शिकली बिचारी. धरता आली, चालवता येईना. म्हणून ठरलं की चेहरा तिचा आणि पाय माझा. आमच्याच खोलीत दिवे लावले, कॅमेरा माझ्या पायाशी आणला. मी मोराची मान एका दमात उतरवली. दिवेवाल्याच्या तोंडून "आयला!" निघून गेलं. आणि मग हे थरथरण्याचं.

"सुंदर झालंय, ताई. पण फारच सोपं वाटतंय. प्रेक्षकाला तुमचा संघर्ष दिसायला हवा. पाय थरथरला, एकदा पेन्सिल पडली, रेघ जरा वाकडी गेली, तर कसं काळजाला भिडेल."

"पेन्सिल पडायची ती मी आठ वर्षांची असताना," मी म्हटलं. "तेव्हा यायचं होतंस, बाळा."

"अभिनय आहे हो फक्त!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "संघर्ष हवाय ना तुला? मग ऐक. वहिनी सकाळी नऊला शाळेत शिकवायला जाते, दोनला परत येते. मधल्या वेळात मला बाथरूमला न्यायला घरात कुणी नसतं. म्हणून मी तोवर पाण्याचा घोट घेत नाही. भर मे महिन्यातसुद्धा. दाखव की ते."

तो सतरंजीकडे बघायला लागला. "ते... लोकांना बघवणार नाही, ताई."

"म्हणजे खरं बघवत नाही म्हणून खोटं दाखवणार?"

वहिनी दारातून म्हणाली, "आणि पेन्सिल पडलीच तर उचलायला मलाच यावं लागेल. माझी पण घ्या बाई भूमिका." सगळे हसले. तो हसला नाही.

मी काही नुसता रुसवा धरला नव्हता. मला भीती वेगळीच होती, ती सांगते. पहिला ग्राफ घेऊन वडील मला उचलून येवल्याला घेऊन गेले होते, तिथल्या एका जुन्या विणकराकडे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मामांनी कागद उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आन्‌ हा तर पायानंच काढलेला. ही साडी नवरीच्या अंगावर जाती, देवीला नेसवत्यात. कसा लावू मागावर?" वडिलांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मामा, पाय बघू नका, चौकटी मोजा." ते हट्टाने मोजत बसले, अंधार पडेपर्यंत. एकही चुकली नव्हती. मग उठले आणि ग्राफ मागासमोर टांगला.

तेव्हापासून त्या गल्लीत माझे ग्राफ चालतात. माझी दया येते म्हणून नाही, रेघ चुकत नाही म्हणून. आता हाच पाय पडद्यावर लटलट कापताना अख्ख्या महाराष्ट्राने बघितला, तर उद्या कुणीही विणकर म्हणेल, बाई गुणाची आहे हो, पण पाय थरथरतो तिचा, उगीच जोखीम कशाला? वीस वर्षांत कमावलेलं नाव दोन मिनिटांत धुऊन जाईल. हे मी दिग्दर्शकाला फोड करून सांगितलं. त्याने करार काढला. त्यात लिहिलं होतं, कथेच्या गरजेप्रमाणे बदल करता येतील. माझीच सही होती खाली.

दुसऱ्या दिवशी एका नाचाच्या क्लासमधली मुलगी आली. तिने माझ्या सतरंजीवर बसून असा काही पाय थरथरवला की दिवेवाल्याने डोळे पुसले. पेन्सिल दोनदा पडली. रेघा वाकड्यातिकड्या झाल्या, चौकटी कशाही भरल्या गेल्या. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होते. मलाही रडू आलं, पण ते संतापाचं. इतकी अपमानित मी कधीच झाले नव्हते, रस्त्यावर लोक तोंड वळवायचे तेव्हासुद्धा नाही.

चार दिवसांनी येवल्याला चित्रीकरण होतं, मामांच्या घरी. मामा स्वतःचंच काम करणार होते. वडिलांचं काम करणारा नट नटीला उचलून आणतो, ग्राफ पुढे करतो, मामा बघतात, "वा, पोरी!" म्हणतात आणि मागासमोर टांगतात, एवढंच. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, मी येणार. वहिनीने शाळेत रजा टाकली. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे तासभर अडकलो.

मामा नवी टोपी, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. दिवे लागले. नटाने ग्राफ पुढे केला. तोच, नाचाच्या मुलीने काढलेला. मामांनी चष्मा लावला आणि बोटाने चौकटी मोजायला सुरुवात केली.

"मामा, डायलॉग," दिग्दर्शक कुजबुजला.

मामा मोजतच राहिले. नट हात पुढे धरून तसाच उभा. शेवटी त्यांनी मान वर केली. "ह्यो कुणी काढला?"

"ताईंनीच, मामा. म्हणजे, सिनेमातल्या ताईंनी."

"ताईचा नाय ह्यो. ताईचा असता तर मोजायची पाळी आली नसती. मानेत चार चौकटी खाल्ल्यात. मोडंल हा मोर."

"अहो, विणायचा कुठे आहे? नुसता टांगायचा. दोन मिनिटं."

"माज्या मागावर नुसतं काय बी टांगत नाय मी." मामांनी कागदाची नीट घडी घातली आणि दिग्दर्शकाच्या हातात दिली. "तिच्या पायाचा आणा. नायतर हे दिवे काढा, माजं काम खोळंबलंय." एवढं बोलून ते मागावर जाऊन बसले आणि विणायला लागले. खटखट सुरू झाली. त्या आवाजात चित्रीकरण होणं शक्यच नव्हतं.

मामांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. माझा मात्र ऊर भरून आला. अंगात दहा हत्तींचं बळ आलं म्हणाना!

दिग्दर्शक बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होता. मग येऊन माझ्या खुर्चीशी उकिडवा बसला. "ताई, काढून द्याल? आत्ता, इथेच?"

"त्या थरथरीचं काय?"

"ते काढून टाकतो."

"माझ्या कानात नको. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तो उठला. माग चालू होता, त्यामुळे त्याला चांगलंच ओरडावं लागलं, "थरथरण्याचा सीन सिनेमात राहणार नाही!" खटखट थांबली. नटीने तर चक्क टाळ्या वाजवल्या.

वहिनीने मला उचलून मागाजवळ जमिनीवर बसवलं, कोरा कागद पाटाला चिकटवला, बोटांत पेन्सिल दिली. दिग्दर्शकाने कॅमेरा माझ्या पायाशी लावला आणि विचारलं, "ताई, किती वेळ लागेल?"

"चार तास," मी म्हटलं. "आणि मोर पुरा होईपर्यंत कट म्हणायचं नाही."