वॉल्टर काकांच्या कादंबरीत मी

आमच्या डब्लिनच्या घराशेजारी वॉल्टर काका नावाचे एक अमेरिकन लेखक राहतात आणि त्यांच्याशी त्यांचा एकही नातेवाईक बोलत नाही.

हे मला डब्यामुळे कळलं. माझी बायको मेधा त्यांना थालीपीठं पाठवायची. डबा रिकामा परत करत नाहीत, हेही तिनेच त्यांना शिकवलं. काकांना स्वयंपाक येत नाही (उकडलेलं अंडंसुद्धा करपतं!), म्हणून ते डब्यात स्वतःचं एकेक पुस्तक घालून पाठवू लागले.

पहिलं वडिलांवर. ते वाचून वडिलांनी काकांना घराबाहेर काढलं. दुसरं संसारावर. बायको सोडून गेली. तिसरं भावावर. त्या पुस्तकाला बक्षीस मिळालं आणि भावाने वकील गाठला!

मी हिशोब केला. नातेवाईक संपले, आता शेजारी!

"मेधा, तू त्यांना माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"मी कशाला सांगू? ते विचारतात, तेवढंच बोलते."

"काय विचारतात?"

"हेच रे, ग्रिल पेटवताना तू फेन्स कसं जाळलंस वगैरे. खूप एन्जॉय करतात!"

संपलं! मी मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा होतो. हे छापून आलं असतं तर मला तिळगूळ वाटायलाही कुणी उभं केलं नसतं.

मी ताबडतोब आदर्श नवरा झालो. इस्त्रीचा शर्ट घालून लॉन कापू लागलो. अंगणात मोठ्याने "मेधा, दमलीस का गं?" विचारू लागलो. तिला भलताच संशय! "खरं सांग, ऑफिसमध्ये कोण आहे?"

मग दोघं काय बोलतात ते ऐकायला मी झुडपामागे बसू लागलो. एकदा काकांनी वरून वाकून शांतपणे "हाय!" केलं. मी घाईघाईने गवत उपटायला लागलो. तो निघाला मेधाचा गवती चहा!

अखेर डब्यातून नवी कादंबरी आली. मी ती दारातच उघडली. नायिका हुबेहूब मेधा. थालीपीठं तीच. आणि नवरा? पहिल्याच पानावर वारलेला!

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, फार वाईट वाटलं. मी तरातरा शेजारी गेलो.

"काका, मला का मारलंत?"

"आय ट्राइड, माय फ्रेंड," ते ओशाळून म्हणाले. "पहिल्या ड्राफ्टमध्ये तू होतास. इस्त्रीचा शर्ट, झुडूप, सगळं. पण एडिटर म्हणाली, असा माणूस कुणाला खराच वाटणार नाही."

पुढे मी अध्यक्ष झालो, पण मंडळात लक्ष लागत नाही. काका आता कादंबरीचा दुसरा भाग लिहितायत आणि मी रोज त्यांच्या दारात उभा राहून विचारतो, "काका, निदान भूत म्हणून तरी?"