तीन वायरी आणि आईचा अंगठा

माझ्या दुकानात वायर मागायला येणारा माणूस आधी दोन्ही हात फाकवतो. "लांबच दे भाऊ. उरली तं गुंडाळून ठेवू." जशी काही विहिरीची दोरीच! मी विचारतो, मशीन कुठे, कॉम्प्युटर कुठे, मध्ये दार किती? गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे. यूएसबीची वायर वाजवीपेक्षा लांब झाली, त्यात जोडाला जोड दिले, की पलीकडच्या टोकाला वीजही थकते आणि निरोपही.

हेच मी आमच्या गडचिरोलीकडच्या एका कार्यालयातल्या दोन बाबूंना हात जोडून सांगितलं होतं. त्यांच्याकडे अंगठा घ्यायचं मशीन एक, कॉम्प्युटर दोन. मध्ये एक डबी. बटण दाबलं की मशीन याचं, पुन्हा दाबलं की त्याचं. सगळं खिडकीजवळ होतं तोवर झकास चाललं. मग ऊन तापलं आणि दोघेही कॉम्प्युटर, डबी घेऊन आतल्या खोलीत, कूलरपुढे जाऊन बसले. मशीन मात्र खिडकीत राहिलं, कारण लोक उन्हात! इतकी लांब वायर द्यायला मी नकार दिला. त्यांनी दुसरीकडून तीन आणल्या, एकीत एक खोचल्या आणि दाराच्या चौकटीवरून फिरवल्या.

माझ्या आईचं पेन्शन अंगठ्यावर चालतं. म्हातारी जिवंत आहे, असं मशीनने म्हणायचं. यंदा मशीन म्हणेना. तिला दोनदा परत पाठवलं.

"बाबू मंते, तुह्या बोटाले रेषाच नाई राह्यल्या," ती म्हणाली आणि अंगठा पदरात लपवला. जन्मभर धानाची रोवणी केलेला अंगठा, आणि तो लपवायचा!

पुढच्या खेपेला मी सोबत गेलो. व्हरांड्यातल्या नळाजवळ बाया ओळीने बसून दगडावर अंगठे घासत होत्या. एकीचं कातडं सोलून लाल झालेलं.

"काऊन घासता वं?" आईने विचारलं.

"बाबूनं सांगतलं."

माझं डोकंच फिरलं.

आई खिडकीशी गेली. आतून, कूलरच्या वाऱ्यातून, एका बाबूचा हुकूम आला, "आजी, जोर लावा! अजून!"

मशीनचा दिवा लागे, विझे, पुन्हा लागे.

"लावून राह्यली ना बा!" आई ओरडली. "आता का खिडकी पाडू?"

मी मशीन वायरीतून उपटलं, आईचा हात धरला आणि तडक आत शिरलो.

"ओ भाऊ, आत पब्लिकले मनाई हाय!"

"मग पब्लिकच्या नावानं बोंब काऊन मारून राह्यला?"

बाबूच्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. मशीन सापडत नाही. बस! अंगठ्याबद्दल अवाक्षर नाही. हा पठ्ठ्या दर वेळी ती ओळ न वाचता बंद करायचा आणि माणसाच्या हाताला दोष द्यायचा.

मशीनची स्वतःची वायर हातभर. ती मी थेट कॉम्प्युटरमध्ये लावली आणि आईला बाबूच्याच खुर्चीत बसवलं. तिने अंगठा टेकवला. दिवा लागला आणि लागूनच राहिला. पडद्यावर आईचं नाव आलं, काम झालं.

"पाहा," बाबू म्हणाला, "घासल्यानं झालं ना!"

आईने तर दगडाला हातही लावला नव्हता! मी भाषणाला छाती फुगवली होती. झाडीपट्टीच्या नाटकाच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज आहे माझा. पण आईने हातानेच मला गप्प केलं.

"आजी, उठा आता. तुमचं झालं."

"माह्यं झालं. त्याइचं?" तिने पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. "बायांनो, घासणं बंद करा. या इकडं, वाऱ्यात."

"अवं आजी, साहेब रागावतीन!"

"रागावू दे. सांग त्याले, म्हातारी जित्ती हाय. आत्ताच मशीननं सांगतलं."

बाया पदराने ओले हात पुसत आत येऊ लागल्या. बाबू चौकटीवरच्या वायरी पुन्हा जोडायला निघाला. मी त्याच्या वाटेत आडवा उभा राहिलो.