बारशाला मिळालेलं आडनाव

सुरेखानं दारातच सासूसमोर माझं आडनाव बदललं. मला विचारलंही नाही.

"आत्याबाई, ही माझी शाळेतली मैत्रीण. औरादच्या बिरादारांची."

मी अजून चप्पल काढत होते. बिरादार? कोण बिरादार? सुरेखानं माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली, "आजच्यापुरतं. माझ्यासाठी."

खटकचिंचोळीला तिच्या सासरी तिच्या मुलीचं बारसं होतं. लग्न झाल्यापासून तिनं पहिल्यांदाच मला घरी बोलावलं होतं. फोन मात्र रोज असायचा. मी बीदरला मैलूरमध्ये राहते, दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटीवरून आले की तिचा फोन ठरलेला. सासूच्या कागाळ्या, नवऱ्याचा राग, पोटातल्या बाळाची लाथ, सगळं आधी मला कळायचं. मला दुसरी जवळची मैत्रीण नाही. "तू नसलीस तर मी पाळणाच हलवणार न्हाई," म्हणाली होती. म्हणून रजा काढली. बाळाला चांदीचे वाळे घेतले. मूर्ख कुठली.

बिरादार वरच्या जातीतले, आम्ही बौद्ध. औरादला भीमनगरात आमचं घर. शाळेत असताना सुरेखा आमच्या चुलीपाशी बसून माझ्या आईच्या हातचं चापून खायची आणि निघताना अंगणात खसाखसा तोंड धुवायची. आमच्याकडं जेवल्याचा तिच्या आईला वास येऊ नये म्हणून. तांब्या धरून मीच उभी असायचे. तिच्या घरी मात्र मी ओसरीच्या पुढं कधी गेले नाही. तेव्हा त्यालाच मी मैत्री समजत होते.

इथं मला थेट स्वयंपाकघरात नेलं. सासू मायाळू निघाली. "हात लई चांगला हाय गं तुझा," म्हणत तिनं मला पुरणपोळ्या लाटायला बसवलं. आणि मग प्रश्न सुरू. "कोणते बिरादार तुम्ही? कमालनगरला कोण लागतंय तुमचं?" दर प्रश्नाला सुरेखा खोटं बोलायची आणि मी मान हलवायचे. उठून जावं तर बाळाला पाळण्यात घालायचं राहिलं होतं. बसावं तर पुढचं खोटं तयारच होतं. सासू लाड करत होती ते भलत्याच बाईचे. मी त्यात कुठंच नव्हते.

पाळणा झाला. पंगत बसली. तेवढ्यात मागच्या अंगणात एक म्हातारी आली. चंद्राबाई. यांच्या शेतात जन्मभर राबलेली. तिनं लांबूनच बाळाकडं बघून कडाकडा बोटं मोडली आणि न्हाणीजवळ जाऊन गपचूप बसली. तिची जागा तिला माहीत होती.

सासूनं पोळ्यांचं ताट माझ्या हातात दिलं. "तेवढं त्या चंद्रीला वाढ. वरनं टाक. शिवू नको."

वरनं टाक. हे ती मला सांगत होती!

मी सुरेखाकडं बघितलं. बाळाला मांडीवर घेऊन ती सगळं ऐकत होती. आता तरी बोलेल, असं वाटलं. तिनं डोळ्यांनीच खुणावलं. वाढ.

माझं डोकंच फिरलं. ताट घेऊन गेले आणि चंद्राबाईच्या शेजारी फतकल मारून बसले. तिच्या पत्रावळीवर हातानं पोळी ठेवली. दुसरी मोडून स्वतःच्या तोंडात घातली. म्हातारी घाबरली.

"उठ माय. तुला बोलणी बसतील."

"बसू द्या आजी." मी आवाज चढवला. "मी बिरादार न्हाई. औरादच्या भीमनगरची हाय. बौद्ध. आन तुम्ही सगळे खायलाव त्या पोळ्या मी लाटल्यात."

पंगतीतले हात थांबले. कुणीतरी तोंडातला घास थुंकला. सासूनं कपाळ बडवून घेतलं. सुरेखा मात्र माझ्यावरच ओरडली.

"कामून असं करायलीस? माझं घर मोडायलीस तू!"

मी हात धुतले, पर्स घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. शूर वगैरे काही वाटलं नाही. नुसती लाज वाटत होती, आणि ती माझी नव्हती हे कळायला बीदर यावं लागलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. दबक्या आवाजात.

"झालं ते झालं. तू घरी येऊ नको, पण पहिल्यासारखं बोलत जाऊ की. मी गच्चीवर जाऊन लावत जाईन."

"न्हाई," मी म्हणाले. "बोलायचं असंल तर सासूसमोर बोल. मी कोण हाय ते सांगून बोल."

"ते व्हायचं न्हाई गं. तुला कळंना का?"

"कळायलंय. म्हणून तर फोन ठेवायले."

ती रडत होती. मीही तोंड दाबून रडले. पण शब्द मागं घेतला नाही. ड्यूटीवरून आले की खोली अजूनही खायला उठते. हात फोनकडं जातो, तो मी आवरते. एकटी राहीन. लपवून ठेवायची मैत्रीण मी यापुढं कुणाचीच होणार नाही. सुरेखाची तर नाहीच नाही.