बर्नडीनने उपसलेली जागा

बर्नडीन पावलाकला राग यायला कारण लागत नाही, असं ब्रिजपोर्टच्या आळीत सगळे म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, आणि शिकागोच्या जानेवारीत ते आपल्या पायांनी दाराशी चालत येतं. त्या वर्षी ते बर्फ होऊन रविवारी रात्रभर पडत राहिलं. सोमवारी पहाटे यंत्रगाडीने रस्त्यातला बर्फ दोन्ही कडांना लोटला आणि बर्नडीनच्या दारासमोर कमरेइतका बांध घालून निघून गेली.

सदुसष्ट वर्षांची ती बाई चार तास फावडं मारत होती. एक गाडी मावेल एवढी जागा तिने उपसली आणि तिथून घराच्या पायऱ्यांपर्यंत दोन माणसं शेजारी शेजारी चालतील अशी वाट केली. मग स्वयंपाकघरातली पोपटी रेक्झिनची खुर्ची उचलून आणली. गाडी बाहेर गेली की ती खुर्ची तिथे ठेवायची. जो उपसेल त्याची जागा, बर्फ वितळेपर्यंत. कायद्यात हे कुठेच लिहिलेलं नाही, पण कायद्यात लिहिलेल्या किती गोष्टी आळीत कुणी पाळतं? खुर्ची असो, इस्त्रीचं टेबल असो, मोडका पाळणा असो, त्याला हात लावायचा नाही. लावलाच, तर पोलीस काही करत नाहीत, शेजारी करतात.

आणि बर्नडीनला ती जागा काही मिरवायला नको होती. तिचा नवरा टाडेक तीस वर्षं शाळेचा शिपाई होता. थंडीत शाळेच्या अंगणातला बर्फ एकटा उपसायचा. साखरेने त्याचा डावा पाय घोट्यापासून नेला, मग मूत्रपिंडं नेली. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. लाकडी पायावर, बायकोच्या खांद्याला धरून, पाच पायऱ्या आणि पुढची सात पावलं तो चालू शकत होता. आठवं नाही. बर्फाचा बांध ओलांडणं तर दूरच. मागच्या बोळात यंत्रगाडी जातच नाही, त्यामुळे गॅरेज मार्चपर्यंत असून नसल्यासारखं. डिसेंबरात एकदा दोन खेपा चुकल्या होत्या तेव्हा फुप्फुसात पाणी झालं आणि चार दिवस इस्पितळात गेले. डॉक्टरीण म्हणाली होती, "मिसेस पावलाक, पुन्हा चुकवू नका. पुढच्या वेळी मी तुम्हाला काही शब्द देऊ शकत नाही."

म्हणून ती जागा.

टाडेकच्या औषधांना हातभार म्हणून बर्नडीन मागची खोली प्रवाशांना देत असे. थंडीत शहाणं माणूस शिकागोला येत नाही, म्हणून येणारे कसे असतात ते तिला ठाऊक होतं. त्या आठवड्यात आली होती ब्रायनी, चोवीस वर्षांची, ॲरिझोनातल्या तूसॉनची. जन्मात बर्फ पाहिलेला नाही, पायात कापडी बूट, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. जानेवारीत विमान स्वस्त, खोल्या स्वस्त, म्हणून एकटीच शहर बघायला निघालेली. तिच्या वहीत फुकट गोष्टींची यादी होती: कुठलं संग्रहालय कोणत्या वारी फुकट, काचघरातली बाग फुकट, वाचनालयात ऊब फुकट. बसचे पैसे वाचवायला ती उणे अठरात पाच पाच मैल चालायची आणि परत आल्यावर बर्नडीनकडे उकळतं पाणी मागून शेवया भिजवायची. खोलीच्या भाड्यातही तिने घासाघीस केली होती.

"फुकटी मेली," बर्नडीन टाडेकला म्हणाली होती. "फुकट मिळतंय म्हटल्यावर ही पोरगी थंडीसुद्धा पोत्यात भरून नेईल."

"पोर आहे," टाडेक म्हणाला. तो दिवसभर पुढच्या खिडकीशी बसलेला असायचा आणि कुणाबद्दलही एवढंच बोलायचा.

मंगळवारी दुपारी बारा वाजता बर्नडीन औषधं आणायला गाडी घेऊन गेली. खुर्ची जागेच्या मधोमध ठेवली. साडेतीनला डायलिसिस होतं. सव्वा वाजता ती आळीत वळली तर तिच्या जागेत एक लाल व्हॅन ऐसपैस उभी. खुर्ची गायब.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षं तिने हॉलस्टेड रस्त्यावर शहराची बस चालवली होती. एकदा एका म्हातारीला ढकलून चढणाऱ्या धटिंगणाला तिने भर चौकात बस थांबवून खाली उतरवलं होतं आणि तो माफी मागेपर्यंत बस हलवली नव्हती. राग हे तिचं हत्यार होतं. आयुष्यात जे काही नीट झालं ते आपण चिडलो म्हणून झालं, अशी तिची पक्की समजूत होती, आणि बहुतेक वेळा ती खरीही होती.

दीड चौक पलीकडे गाडी लावून ती घसरत, शिव्या देत परत आली. व्हॅनमध्ये कुणी नव्हतं. शेजारीपाजारी हाका मारल्या, कुणी आलं नाही. मग तिने तेच केलं जे तिच्या बापाने केलं असतं. तळघरातून बादली आणली. एक, दोन, सहा बादल्या पाणी तिने त्या गाडीवर ओतलं: दारांच्या फटींवर, काचेवर आणि चारी चाकांच्या बुडाशी. उणे अठरात पाण्याला गोठायला वेळ लागत नाही.

समोरच्या घरातून म्हातारा वॉली ओरडला, "मागच्या चाकावर अजून एक मार, बर्नी! मेल्याला एप्रिलपर्यंत बसू दे इथेच!"

बर्नडीनने मारली अजून एक. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

दोन वाजता शेजारच्या मिसेस स्कालांच्या घरातून एक जाडा, मिशाळ माणूस हातात अवजारांची पेटी घेऊन बाहेर आला. आपली गाडी बघून तो पायरीवरच थांबला.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," बर्नडीन कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझी खुर्ची कुठे टाकलीस ते आधी सांग."

"कसली खुर्ची?"

"वर तोंड करून विचारतोस? पोपटी खुर्ची! इथे, या जागेत!"

"अहो बाई, मी ओक्ताव्हियो रेंतेरिया, नळाची कामं करतो. जन्म गेला माझा या शहरात. माझी आई बारा वर्षं इस्त्रीचं टेबल मांडते दारापुढे. मी कुणाची खुर्ची हलवीन? जागा रिकामी होती म्हणून लावली. त्या ऐंशी वर्षांच्या बाईंचे नळ गोठले होते. पाऊण तासाचं काम. तुम्ही आत येऊन एक शब्द बोलला असतात तर तेव्हाच काढली असती गाडी."

"खोटारडा!"

"खोटारडा तर खोटारडा. आता ही काढू कशी ते सांगा."

तेवढ्यात बर्नडीनच्याच घराचं दार उघडलं. ब्रायनी हातात शेवयांचा वाडगा घेऊन पायरीवर आली. आरडाओरडा ऐकून ती घाबरली होती.

"मिसेस पावलाक... पोपटी खुर्ची म्हणालात का? ती माझ्या खोलीत आहे."

बर्नडीन गर्रकन तिच्याकडे वळली.

"आमच्या गावात रस्त्याच्या कडेला खुर्ची ठेवली की ज्याला हवी त्याने न्यायची असते," ब्रायनी म्हणाली. "खोलीत बसायला काही नव्हतं, म्हणून... मला वाटलं, कुणीतरी टाकून दिली."

"टाकून दिली? अगं, झाडून पुसून ठेवलेली खुर्ची बर्फाच्या मधोमध कोण टाकून देतं? दोन दिवस माझ्या घरात राहतेस, या आळीत दर दहा पावलांवर एक खुर्ची दिसते, तुला वाटलं काय, आम्ही सगळे मिळून बैठक भरवतोय? तोंडात जीभ नाही? विचारता येत नाही? विचारायला पैसे पडत नाहीत गं, तेसुद्धा फुकट असतं!"

पोरगी रडायला लागली. बर्नडीनला त्याचाही राग आला. रेंतेरिया गाडीचं दार ओढून बघत होता, ते भिंतीत चिणल्यासारखं बसलं होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," तो स्वतःशी म्हणाला, आणि मग मोठ्याने, "बाई, तुम्हाला जागेची एवढी घाई कशाची आहे?"

तेव्हा कुठे बर्नडीनने समोर नीट पाहिलं. तिच्या दारासमोरच्या बांधात एकच खिंड होती, तिने स्वतः पाडलेली. त्या खिंडीत ती व्हॅन उभी होती. तासाभरापूर्वी ती कुणीही किल्ली फिरवून काढली असती. आता तिने स्वतःच्या हाताने, सात बादल्या ओतून, ती तिथे चिकटवून टाकली होती. दुसऱ्याला अद्दल घडवायला गेली आणि धोंडा आपल्याच पायावर पाडून घेतला.

"नवऱ्याला डायलिसिसला न्यायचंय," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "त्याला पाय नाही."

रेंतेरिया खाली वाकला. त्याने पेटी उघडली आणि गोठलेले नळ सोडवायचं गरम हवेचं यंत्र बाहेर काढलं. मिसेस स्कालांच्या खिडकीतून वायर ओढून घेतली. बर्नडीनने डायलिसिसच्या केंद्रात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "शेवटची पाळी पाचची. पाचला आलात तर घेऊ. नाहीतर उद्याही जागा नाही, परवाच या."

मग तिघं भिडली. रेंतेरिया गरम हवा सोडायचा, बर्नडीन हातोडीने ठोकायची, आणि ब्रायनी नाक ओढत ओढत, कापडी बुटांतले पाय बधिर झालेले असताना, चाकांखालचा बर्फ उलथन्याने खरवडायची. जा आत, असं बर्नडीन तिला दोनदा खेकसली. ती गेली नाही. कुणी कुणाला माफ केलं नव्हतं, वेळच नव्हता. चार वाजून दहा मिनिटांनी मागचं शेवटचं चाक कडकन सुटलं. रेंतेरियाने व्हॅन बाहेर काढली, बर्नडीनने धावत जाऊन आपली गाडी आणून दारासमोर लावली.

ती घरात शिरली ती ओरडतच. "टाडेक, ऊठ! कोट घाल! वीस मिनिटांत निघायला हवं!"

टाडेक खिडकीशी तसाच बसला होता. लाकडी पाय त्याने काढून बाजूला ठेवला होता.

"पाय का काढलास? वेड लागलंय का?"

"बर्नी, बस जरा."

"बसायला वेळ नाही! तुला माहीत आहे आज काय झालं? त्या पोरीने..."

"माहीत आहे. मी बघत होतो." त्याने खिडकीकडे मान हलवली. "तिने खुर्ची उचलली तेव्हाही बघत होतो."

बर्नडीन कोट हातात घेऊन उभी राहिली.

"मग हाक का नाही मारलीस? काच ठोकायची होतीस! ती तुझ्यासमोरून खुर्ची घेऊन घरात आली आणि तू गप्प बसलास?"

"हो."

"आणि मी पाणी ओतत होते तेव्हा?"

"तेव्हाही." टाडेक हळू बोलत होता, पण अडखळत नव्हता. "वाटलं, जागा गेली तर आज सुट्टी मिळेल. मी थकलोय गं. सप्टेंबरपासून थकलोय. डिसेंबरात त्या दोन खेपा चुकल्या, तेव्हाही मला वाईट वाटलं नव्हतं. तू पहाटे उठून फावडं मारतेस, आणि मी इथून बघतो, आणि मला वाटतं, हिला कसं सांगू."

बर्नडीनला आजवर खूप लोकांचा राग आला होता. मेयरांचा आला होता, पाद्रींचा आला होता, विमेवाल्यांचा तर रोज यायचा. पण या माणसाचा आत्ता आला तसा कुणाचाच आला नव्हता. हातातली कोटाची बाही तिने इतकी पिळली की शिवण उसवली.

"मी हे सगळं कुणासाठी करते?" ती किंचाळली. "चार तास! माझे गुडघे गेले, टाडेक! कुणासाठी?"

"मला वाटतं, तुझ्यासाठी," तो म्हणाला. "त्यात काही चूक नाही. मी पण तुझ्यासाठीच जातो."

बाहेर रेंतेरिया वायर गुंडाळत होता. ब्रायनी वाटेवर मीठ टाकत होती, मूठ मूठ, जपून. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस झाले होते. बर्नडीनच्या तोंडात शंभर उत्तरं होती. एकोणतीस वर्षं बस चालवलेल्या बाईला उत्तरं शोधावी लागत नाहीत. त्यातलं एकही तिने दिलं नाही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्रेचाळीस वर्षांत तिने या माणसाला काय करायचं ते सांगितलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. ती खाली वाकली, लाकडी पाय उचलला आणि तो त्याला न चढवता नुसता हातात धरून उभी राहिली.

"गाडी दारात आहे," ती म्हणाली. राग अजून तसाच होता. "येतोस का?"

टाडेकने खिडकीकडे पाठ केली. मग पायासाठी हात पुढे केला.

"आज येतो," तो म्हणाला. "गुरुवारी पुन्हा असंच विचार."